‘दहशतवादी’ म्हणण्याआधी

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रात तीन आठवड्यांत तीन मोठ्या घडामोडी झाल्या. 10 जुलैला विधानसभेने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले आणि दुसऱ्याच दिवशी विधान परिषदेनेही त्याला होकार दिला. 21 जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. 31 जुलैला राष्ट्रीय तपास संस्थेच्या (एनआयए) विशेष न्यायालयाने 2008 च्या मालेगाव स्फोट खटल्यातल्या सातही आरोपींना निर्दोष सोडले. या तिन्हींवर चौकाचौकांत, वाहिन्यांवर आणि समाजमाध्यमांवर रान पेटले. आरोपी, दोषी, दहशतवादी, देशद्रोही, नक्षलवादी हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले गेले. ज्याला जो निकाल रुचला त्याने तो डोक्यावर घेतला आणि जो रुचला नाही त्याबद्दल न्यायालयालाच बोल लावला.

या प्रत्येक शब्दामागे कायद्याचे एक कलम उभे असते आणि त्या कलमामागे माणसाच्या आयुष्यातली वर्षे असतात. एका शब्दाने जामीन मिळतो किंवा नाकारला जातो, संघटनेला टाळे लागते, आरोपपत्रासाठी पोलिसांना 90 ऐवजी 180 दिवस मिळतात. म्हणून हे शब्द नीट समजून घेणे हे वकिलांवर किंवा पोलिसांवर सोडून देण्याचे काम नाही. पेपर वाचणाऱ्या, मत देणाऱ्या प्रत्येकाला त्यांचे अर्थ माहीत असले पाहिजेत.

सुरुवात सगळ्यात साध्या वाटणाऱ्या शब्दांपासून करावी लागेल. पोलिसांना ज्याच्यावर शंका आहे तो संशयित. ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला किंवा आरोपपत्र ठेवले गेले तो आरोपी. खटला चालून न्यायालयाने गुन्हा शाबीत झाल्याचे सांगितले की तो दोषी. खटला उभा राहण्याइतकाही पुरावा नाही असे न्यायालयाला सुरुवातीलाच वाटले, तर तो आरोपमुक्त. खटला पूर्ण चालून गुन्हा सिद्ध झाला नाही, तर त्याची निर्दोष मुक्तता. या पाच पायऱ्या पाच वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. बातमीत मात्र बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर ‘दहशतवादी जेरबंद’ असा मथळा लागतो आणि पुढच्या चार पायऱ्यांची कुणाला आठवणही राहत नाही.

मालेगावचेच, पण 2008 च्या आधीचे, उदाहरण पाहावे. 8 सप्टेंबर 2006 रोजी तिथे झालेल्या स्फोटांत तीसहून अधिक माणसे गेली. तपास यंत्रणांनी नऊ मुस्लिम तरुणांना पकडले. पुढे तपास एनआयएकडे गेला, वेगळीच माणसे आरोपी म्हणून समोर आली आणि एप्रिल 2016 मध्ये न्यायालयाने त्या आधीच्या तरुणांना आरोपमुक्त केले. नऊपैकी एकाचा तोपर्यंत मृत्यू झालेला होता. म्हणजे त्यांच्यावर खटला चालवण्यासारखे काही नव्हते, हे ठरायला जवळपास दहा वर्षे लागली. अटकेच्या वेळी त्यांच्या नावामागे लागलेला शब्द त्या दहा वर्षांत गल्लीत, नोकरीच्या ठिकाणी, मुलाबाळांच्या शाळेत किती वेळा उच्चारला गेला असेल याची मोजदाद कुठेच नाही.

लोकल स्फोटांचा खटला याहून गुंतागुंतीचा. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी, माणसे घरी परतत असताना, माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोडच्या परिसरात पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये पहिल्या वर्गाच्या डब्यांत काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले. 180 हून अधिक प्रवासी ठार झाले आणि आठशेच्या वर जखमी झाले. 2015 मध्ये संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायद्याच्या विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. दहा वर्षांनी उच्च न्यायालयाने हाच पुरावा पुन्हा तपासला तेव्हा तो टिकला नाही. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचे न्यायालयाला दिसले आणि त्यांतला मजकूर एकसारखा निघाला. टॅक्सीचालकांनी आरोपींना ओळखल्याचे सांगितले ते घटनेनंतर शंभराहून अधिक दिवसांनी. ओळखपरेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. स्फोटांत कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले गेले, हेही सरकारी पक्षाला शाबीत करता आले नाही.

राज्य सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेले. 24 जुलैला त्या न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांनी तुरुंगात परतण्याची गरज नाही हेही स्पष्ट केले. बऱ्याच ठिकाणी याची बातमी ‘निर्दोषत्वाला स्थगिती’ अशी फिरली. ज्यांनी मूळ आदेश वाचला नाही त्यांच्या मनात ती माणसे पुन्हा दोषी झाली.

त्या डब्यांत ज्यांची माणसे गेली, त्यांच्या पदरात काय पडले हाही प्रश्न उरतो. मग स्फोट कुणी केले, हे त्यांना आजही कुणी सांगू शकलेले नाही. चुकीच्या माणसावर ‘दहशतवादी’ हा शब्द चिकटवला की खरा गुन्हेगार त्या शब्दाच्या आड सुरक्षित राहतो. ढिसाळ तपासाचा मोठा बळी बाहेर सुटलेला आरोपी असतो असे मानण्याची पद्धत आहे. तो आरोपी निर्दोष असेल तर बळी तोही असतो आणि मृतांचे नातेवाईकही असतात.

‘दहशतवादी कृत्य’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर आज प्रामुख्याने बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे यूएपीएच्या, पंधराव्या कलमात आहे. हा कायदा मूळ 1967 चा. त्यात दहशतवादी कृत्याची व्याख्या आली ती 2004 मध्ये, पोटा हा दहशतवादविरोधी कायदा रद्द झाला तेव्हा. देशाची एकता, अखंडता, सुरक्षा, आर्थिक सुरक्षा किंवा सार्वभौमत्व धोक्यात आणण्याच्या अथवा लोकांमध्ये दहशत बसवण्याच्या हेतूने, बॉम्ब, स्फोटके, बंदुका, विषारी वायू किंवा ‘अन्य कोणत्याही साधनाने’ माणसे मारणे, जखमी करणे, मालमत्तेची नासधूस करणे, अत्यावश्यक पुरवठा तोडणे असा त्याचा गाभा आहे. हेतू आणि साधन या दोन्हींची सांगड ही या व्याख्येची ताकद. पण त्याच व्याख्येत ‘हेतूने’ या शब्दाशेजारी ‘तसे होण्याचा संभव असेल’ अशी शब्दयोजनाही आहे, आणि साधनांच्या यादीला ‘अन्य कोणत्याही साधनाने’ अशी मोकळी शेपटी आहे. या दोन फटींतून रास्ता रोको, मोर्चा, भाषणही दहशतवादाच्या चौकटीत ओढले जाऊ शकते. जून 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका जामीन आदेशात नेमकी हीच भीती बोलून दाखवली होती. सर्वोच्च न्यायालयाने तोही आदेश दाखला म्हणून वापरता येणार नाही असे सांगितले. प्रश्न मात्र कायम आहे.

हा प्रश्न महाराष्ट्रात याआधीही विचारला गेला होता. 1987 च्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली राज्यातल्या एका खटल्यात 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की प्रत्येक दहशतवादी गुन्हेगार असेल, पण प्रत्येक गुन्हेगाराला दहशतवादी म्हणता येणार नाही. टोळीयुद्धातला खून हा खूनच असतो. त्याची शिक्षा फाशीपर्यंत जाऊ शकते. पण तेवढ्याने तो दहशतवाद होत नाही. टाडाखाली देशभरात 75 हजारांहून अधिक लोक पकडले गेले आणि शिक्षेचे प्रमाण अगदीच नगण्य राहिले. 1995 मध्ये संसदेने त्या कायद्याला मुदतवाढ दिली नाही. पोटा 2002 मध्ये आला आणि दोन वर्षांत गेला. त्यांतल्या बऱ्याच तरतुदी आज यूएपीएत नांदत आहेत.

आकडे पुन्हा तेच सांगतात. केंद्र सरकारने 2021 मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार 2016 ते 2019 या चार वर्षांत यूएपीएखाली 5,922 जणांना अटक झाली आणि 132 जणांना शिक्षा. शिक्षा झालेले त्याच वर्षी पकडलेले असतात असे नाही, हे मान्य. तरीही दोन आकड्यांमधली दरी बुजत नाही. शिवाय 2008 मध्ये मुंबई हल्ल्यानंतर या कायद्यात जामिनाची अट कडक झाली. आरोप सकृद्दर्शनी खरे वाटत असतील तर न्यायालयाने जामीन देऊ नये, असे कलम 43डी(5) सांगते. म्हणजे खटला सुरू होण्याआधीच, केवळ पोलिसांच्या कागदपत्रांवरून ‘सकृद्दर्शनी’ ठरते आणि निकाल लागेपर्यंतची वर्षे कोठडीत जातात. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला अतोनात रखडला तर जामीन देता येईल असा दिलासा दिला, पण तो मिळवायला आधी ती वर्षे आत काढावी लागतात.

गुन्ह्याचे वजन ठरवताना ‘कायदा व सुव्यवस्था’, ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘राज्याची सुरक्षा’ हे तीन शब्दप्रयोग सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांतला फरक समजायला डॉ. राममनोहर लोहियांचा खटला उपयोगी पडतो. 1965 मध्ये पाटण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी लोहियांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले. नियमात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ असा शब्द होता आणि आदेशात ‘कायदा व सुव्यवस्था’ असे लिहिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने तेवढ्यावरून लोहियांना मुक्त केले. न्या. हिदायतुल्ला यांनी तेव्हा एकात एक बसलेल्या तीन वर्तुळांचे उदाहरण दिले. सगळ्यात मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि सगळ्यात आतले, सगळ्यात लहान वर्तुळ राज्याच्या सुरक्षेचे. बाजारातली मारामारी पहिल्या वर्तुळात बसते. गावभर पसरणारी दंगल दुसऱ्या वर्तुळात जाते. तिसऱ्यात जायला देशाच्या अस्तित्वालाच धोका हवा.

आज गल्लीतल्या गुंडावर मोक्का, एमपीडीए, तडीपारी यांपैकी काहीही लागले तरी बातमीचा सूर एकच असतो. प्रत्यक्षात तडीपारी ही मुंबई-महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यातली जुनी तरतूद. माणसाला ठरावीक हद्दीबाहेर घालवायचे, इतकीच तिची मर्यादा. एमपीडीए हा 1981 चा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा. त्यात खटलाच चालत नाही. मोक्का 1999 चा, संघटित गुन्हेगारीसाठी. त्यासाठी टोळीवर मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल होऊन न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. मोक्काखाली पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, साध्या खटल्यात तो चालत नाही. लोकल स्फोटांच्या खटल्यात मोक्का लागला आणि खटला बराचसा अशा कबुलीजबाबांवर उभा राहिला. उच्च न्यायालयात हेच कबुलीजबाब कोसळले आणि खटला त्यांच्यासोबत गेला.

मालेगावच्या 2008 च्या खटल्यात वेगळाच शब्द महत्त्वाचा ठरला, तो ‘मंजुरी’. यूएपीएखाली खटला भरायचा तर सरकारची मंजुरी लागते, आणि ती देण्याआधी पुराव्याची छाननी एका स्वतंत्र अधिकाऱ्याने करायची असते. ही अट आरोपीवर मेहेरबानी म्हणून ठेवलेली नाही. एवढ्या कठोर कायद्याचा वापर घाईत होऊ नये म्हणून ती आहे. मालेगावच्या निकालात न्यायालयाने म्हटले की स्फोट झाला हे सिद्ध झाले, पण तो मोटरसायकलमध्ये ठेवलेल्या बॉम्बचा होता हे सिद्ध झाले नाही. यूएपीएच्या मंजुरीचे आदेशही सदोष ठरले. प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या खटल्यात नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2022 मध्ये मंजुरीतल्या त्रुटीवरून सुटका केली, सर्वोच्च न्यायालयाने ती दुसऱ्याच दिवशी रोखली, आणि फेरसुनावणीनंतर मार्च 2024 मध्ये खंडपीठाने पुन्हा निर्दोष ठरवले. नव्वद टक्के अपंगत्व असलेले साईबाबा सुटल्यानंतर सुमारे सात महिन्यांनी गेले. गुजरातच्या अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये सहाही जणांना सोडताना पोटाची मंजुरी विचार न करता दिल्याबद्दल ताशेरे ओढले होते. या खटल्यांतल्या आरोपींचे धर्म, विचार, पक्ष सगळे वेगळे. पण ‘मंजुरी’ म्हणजे फक्त फायलीवरची सही अशी सरकारी खात्यांची समजूत मात्र प्रत्येक ठिकाणी सारखीच दिसते.

‘देशद्रोही’ हा शब्द मराठीत सगळ्यात स्वस्त झाला आहे. भारतीय दंड संहितेत या नावाचा गुन्हाच नव्हता. होता तो कलम 124ए मधला राजद्रोह, सरकारविषयी अप्रीती निर्माण करण्याचा. या कलमाची झळ महाराष्ट्राने फार आधीपासून सोसली. 1897 मध्ये ‘केसरी’तल्या मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला. न्या. स्ट्रेची यांनी पंचांना सांगितले की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नसणे एवढेच गुन्ह्याला पुरेसे ठरले आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. 1908 मध्ये पुन्हा त्याच कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. स्वतंत्र भारतात 1962 च्या केदारनाथ सिंह निकालाने या कलमाला हिंसेला चिथावणी आणि सार्वजनिक अव्यवस्था यांची चौकट घातली. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम थांबवले. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा राजद्रोहाचा शब्द गेला आणि त्याच्या जागी कलम 152 आले. त्यात देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

टिळकांना तुरुंगात पाठवणारी ती अप्रीती मात्र कायद्यातून गेलेली नाही. यूएपीएतल्या ‘बेकायदा कृत्या’च्या व्याख्येत भारताविषयी अप्रीती निर्माण करणे हा भाग आजही आहे, आणि केदारनाथ निकालाने राजद्रोहाच्या कलमाला जी हिंसेची अट घातली, तसे शब्द या व्याख्येत नाहीत. टिळक पुण्यतिथीला भाषणे करणाऱ्या प्रत्येक पक्षाने या ओळीकडे एकदा तरी लक्ष द्यावे.

संघटनांच्या बाबतीतही गल्लत होते. यूएपीएखाली ‘बेकायदा संघटना’ आणि ‘दहशतवादी संघटना’ या दोन वेगळ्या कोटी आहेत. बेकायदा ठरवले तर सरकारला तीस दिवसांत प्रकरण न्यायाधिकरणाकडे न्यावे लागते आणि न्यायाधिकरणाने सहा महिन्यांत बंदी योग्य की अयोग्य ते ठरवायचे असते. बंदी पाच वर्षांची असते. दहशतवादी संघटनेचे नाव थेट कायद्याच्या परिशिष्टात जाते, न्यायाधिकरणाची पायरी नाही. सप्टेंबर 2022 मध्ये पीएफआयवर बंदी आली ती पहिल्या प्रकारची. लष्कर-ए-तैयबा आणि जैश-ए-महंमद दुसऱ्या प्रकारात आहेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर एखाद्या व्यक्तीलाही खटल्याविना दहशतवादी म्हणून घोषित करता येते. त्यानुसार त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिली चार नावे आली: मसूद अझहर, हाफिज सईद, झकीउर रहमान लखवी आणि दाऊद इब्राहिम. या चौघांबद्दल कुणाचे दुमत असण्याचे कारण नाही. पण पाचव्या, पन्नासाव्या नावाच्या वेळी पुरावा कुणी तपासायचा, याचे उत्तर दुरुस्तीने सरकारच्याच समितीवर सोडले. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट पक्की केली. बंदी असलेल्या संघटनेचे नुसते सदस्यत्वही गुन्हा ठरते. मग सदस्य कोण, वर्गणी देणारा, सभेला जाणारा की पुस्तक वाचणारा, हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणातल्या दोघांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हिंसेचे समर्थन करणारे साहित्य नुसते जवळ असणे पुरेसे नाही.

गडचिरोलीत हे सारे कागदावरचे राहत नाही. 1 मे 2019 रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभूळखेडा इथे भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. सी-60 पथकाचे जवान तीन दशकांहून अधिक काळ या जिल्ह्याच्या जंगलात जीव पणाला लावत आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी पक्षाचा पॉलिट ब्युरो सदस्य भूपती साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला, तो या लढ्याचा मोठा टप्पा. बंदी असलेली संघटना, शस्त्रे, दलम, कमांडर या सगळ्यांना नावे आहेत, कलमे आहेत. ‘शहरी नक्षल’ या शब्दाला मात्र कुठेच व्याख्या नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने 2020 मध्ये संसदेत आपण हा शब्द वापरत नसल्याचे सांगितले होते. तरी जनसुरक्षा विधेयकाची सारी चर्चा याच शब्दाभोवती फिरली.

त्या विधेयकावर साडेबारा हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या. संयुक्त चिकित्सा समितीने त्यात काही स्वागतार्ह बदल केले. ‘व्यक्ती आणि संघटना’ ऐवजी कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा संघटनांचा उल्लेख आला, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. पण ‘बेकायदा कृत्या’च्या व्याख्येत प्रस्थापित कायद्याची व संस्थांची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणे हा भाग राहिला, आणि ‘तशा संघटना’ म्हणजे कोणत्या हेही मोकळे राहिले. 1930 च्या मे महिन्यात शिरोड्याच्या समुद्रकाठी मीठ उचलणारे आणि सप्टेंबरमध्ये चिरनेरच्या जंगलात कुऱ्हाडी घेऊन शिरणारे, हे सगळे कायद्याची उघड अवज्ञाच करत होते. महाराष्ट्राच्या कायद्यात हा शब्द इतका मोकळा ठेवताना विधिमंडळाने शंभरदा विचार करायला हवा होता.

यावर एक उत्तर नेहमी येते. शत्रू निर्दय आहे, तेव्हा शब्दांचा कीस काढत बसायला वेळ कुणाला? 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामच्या बैसरन कुरणात सव्वीस जणांना मारले गेले. त्यांत सहा जण महाराष्ट्राचे, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. घरच्यांसमोर गोळ्या घातल्या गेल्या. तो राग खरा आहे आणि तो असलाच पाहिजे. पण जगाच्या दरबारात तो राग पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही. संयुक्त राष्ट्रांत दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या आजही नाही. भारताने सर्वंकष कराराचा मसुदा 1996 मध्ये मांडला, तो अजून अडकलेला आहे. मसूद अझहरचे नाव सुरक्षा परिषदेच्या यादीत यायला 1 मे 2019 उजाडावा लागला. गुंड अबू सालेमला 2005 मध्ये पोर्तुगालने सोपवले ते फाशी नाही आणि पंचवीस वर्षांहून जास्त तुरुंग नाही या लेखी हमीवर. इथे त्याच्यावर जादा आरोप लावले गेले तेव्हा पोर्तुगालच्या न्यायालयाने प्रत्यार्पणच मोडीत काढले होते, आणि 2022 मध्ये आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने सरकारला त्या हमीची आठवण करून दिली. 2008 च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेतून आणायला कागदपत्रांची बरीच मोठी लढाई लढावी लागली. परदेशातला न्यायाधीश भारताच्या आरोपपत्रातला प्रत्येक शब्द तपासतो. आपण तो सैल वापरलेला असेल, तर त्याचा फायदा तिकडे लपलेल्या माणसाला होतो.

नेमकेपणाने काय साधते, हे 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्याच्या खटल्याने दाखवले. 166 माणसे मारली गेली होती. पोलीस तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर जीव देऊन हल्लेखोर कसाबला जिवंत पकडून दिले, म्हणून खटला उभा राहिला. लोकांची मागणी त्याला लगेच लटकवा अशी होती. न्यायालयाने त्याला वकील दिला, पुरावा नोंदवला, साक्षी तपासल्या. हा हल्ला लोकांवर होता, सरकारवर नव्हता, म्हणून ‘भारत सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे’ हे कलम लागत नाही, असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात झाला. न्यायालयाने तो टाळला नाही. ‘भारत सरकार’ म्हणजे इथे भारतीय राज्य, जनतेच्या इच्छेतून अधिकार मिळवणारे राज्य, असा अर्थ लावून ते कलम लागू केले. त्याच खटल्यात दोन भारतीय सहआरोपींविरुद्धचा पुरावा विश्वासार्ह नाही म्हणून खालच्या न्यायालयाने त्यांना सोडले, आणि वरच्या दोन्ही न्यायालयांनी ते कायम ठेवले. त्यामुळे नोव्हेंबर 2012 मध्ये येरवड्यात कसाबला फाशी झाली तेव्हा त्या शिक्षेला कायद्याच्या अंगाने कुणाला बोट लावता आले नाही.

वृत्तपत्रांची जबाबदारी यात मोठी आहे. ‘सूत्रधार’, ‘मॉड्यूल’, ‘स्लीपर सेल’ हे शब्द कोणत्याही कलमात नाहीत. ते पोलिसांच्या पत्रकार परिषदेत जन्मतात आणि दुसऱ्या दिवशी मथळ्यात बसतात. ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द लिहायला फार जागा लागत नाही. ‘भगवा दहशतवाद’ आणि ‘इस्लामी दहशतवाद’ हे दोन्ही शब्दप्रयोग एका आरोपीचा गुन्हा कोट्यवधी लोकांच्या माथी मारतात. पहिल्यावर चिडणाऱ्याने दुसरा वापरू नये आणि दुसऱ्यावर चिडणाऱ्याने पहिला. अटकेची बातमी पहिल्या पानावर फोटोसह छापली असेल, तर आरोपमुक्तीची किंवा निर्दोष मुक्ततेचीही तिथेच, तेवढ्याच आकारात छापावी. प्रत्येक वृत्तपत्राने अशा खटल्यांची नोंद ठेवून दर वर्षी वाचकांना सांगावे की किती जण पकडले, किती जणांवर आरोपपत्र आले, किती सुटले.

सरकारच्या अखत्यारीतली कामेही स्पष्ट आहेत. यूएपीएच्या व्याख्येतला ‘संभव’ हा शब्द हेतूशी जोडून घ्यावा. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने कारणे लेखी द्यावीत. जनसुरक्षा विधेयकातून आलेली अवज्ञेची तरतूद काढून टाकावी. दहशतवादाच्या गुन्ह्यातून निर्दोष सुटलेल्याला, त्याची वर्षे परत देता येत नसली तरी, भरपाई मिळण्याची निश्चित पद्धत कायद्यात असावी. आणि लोकल स्फोट व मालेगाव या दोन्ही प्रकरणांत मृतांच्या नातेवाइकांना पुढच्या तपासाची, अपिलांची माहिती सरकारने स्वतःहून, लेखी आणि मराठीत द्यावी.